किनाऱ्यावरील सदनिका आणि पठारावरील बचत

मुरूड म्हटले की ढोकीच्या माणसाला पहिल्याने आठवते ते लातूरच्या वाटेवरचे शेजारचे मुरूड. जाहिरातींतील मुरूड मात्र दापोलीचे असते किंवा जंजिऱ्याचे. मागे नारळीची बाग, पुढे निळे पाणी आणि मध्ये पांढरीशुभ्र चार मजली इमारत असे चित्र त्यात असते, आणि शेवटच्या काही सदनिकाच शिल्लक असल्याचा इशारा त्याखाली असतो. समुद्रकाठी स्वतःचे घर असावे, ही हौस एके काळी मुंबईच्या धनिकांची मानली जाई. ती आता घाट चढून पठारावर आली आहे. निवृत्तीच्या वेळी उपदानाची आणि भविष्यनिर्वाह निधीची रक्कम एकदम हाती पडलेला शिक्षक, रस्त्यासाठी जमीन गेल्याने मोबदला मिळालेला शेतकरी, पुण्यात नोकरीला लागलेल्या मुलाच्या आग्रहाला मान देणारा बाप, हे आता तिचे गिऱ्हाईक आहेत. हौसेला मोल नसते असे म्हणतात. येथे मोल आहे, आणि ते खरेदीखताच्या दिवशी चुकते होऊन संपणारे नाही.

या मुलखाचा समुद्राशी संबंध तसा जुना आहे. ढोकीच्या शेजारचे तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका अनामिक ग्रीक प्रवाशाने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या व्यापाराचे जे वर्णन लिहून ठेवले आहे, त्यात तगरहून साधे कापड आणि मलमल गाड्यांत भरून भडोच बंदराकडे जात असल्याचा उल्लेख आहे. तगरचा व्यापारी समुद्राला माल विकीत होता. आजचा त्याचा वंशज समुद्राकडून माल विकत घेऊ पाहतो आहे, तेव्हा त्याने निदान त्या मालाचे वजन करून घ्यावे, ही अपेक्षा अवास्तव ठरू नये.

धाराशिव जिल्ह्यातील बचत ही बहुधा दोन दुष्काळांच्या मधल्या वर्षांत साठलेली असते. तेरणा सहकारी साखर कारखान्याची धुराडी अनेक हंगाम थंड राहिली, त्या काळात ढोकीच्या बाजारपेठेचे काय झाले हे येथील दुकानदाराला कोणी सांगावयास नको. येणारा पैसा थांबला तरी जाणारा पैसा थांबत नाही, हा अर्थशास्त्राच्या पुस्तकातील नव्हे, तर या गावाच्या अनुभवातील धडा आहे. किनाऱ्यावरील सदनिकेचा विचार याच कसोटीवर झाला पाहिजे. तिची किंमत किती, हा प्रश्न दुय्यम आहे. तिचा वार्षिक भार किती, तो किती वर्षे पेलता येईल आणि तो वाढविण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे, हे प्रश्न आधीचे आहेत.

प्रथम हिशेबाची गोष्ट. समजा, एखाद्या निवृत्त माणसाने तीस लाख रुपयांची सदनिका घेतली. हीच रक्कम ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत गुंतविण्याची कमाल मर्यादा आहे, आणि त्या योजनेचा व्याजदर एप्रिल २०२३ पासून ८.२ टक्के झाला. या दराने तीस लाखांवर वर्षाला दोन लाख सेहेचाळीस हजार, म्हणजे दर तिमाहीला साडेएकसष्ट हजार रुपये पदरात पडतात. प्राप्तिकर लागू असेल तर तो वजा जाईल, हे खरे. आता ढोकीपासून सुमारे चारशे किलोमीटरवरील त्या घरात हे कुटुंब वर्षातून किती रात्री काढील? दिवाळीचे चार दिवस, मे महिन्यातला एक आठवडा, नाताळ आणि एखाददुसरी जोडून आलेली सुटी. उदार मनाने वीस रात्री धरल्या तर बुडालेल्या व्याजापोटीच दर रात्रीचे बारा हजार तीनशे रुपये पडले. देखभाल, वीज, मालमत्ता कर, राखणदाराची दिवाळी हे सगळे निराळेच. किनाऱ्यावरच्या चांगल्या निवासात याच्या कितीतरी कमी दरात खोली मिळते, आणि सकाळी चादरीच्या घड्या आपणांस घालाव्या लागत नाहीत.

यावर ठरलेले उत्तर असे की, सदनिका इतर वेळी भाड्याने देता येते आणि तिची किंमत वाढते. भाड्याचे म्हणाल तर आपल्याकडे राहत्या घराचे वार्षिक भाडे त्याच्या बाजारभावाच्या दोन-तीन टक्क्यांच्या आसपासच घुटमळते. पर्यटकांना दिवसावारी द्यावयाचे तर स्वच्छता, व्यवस्थापक, त्याचे कमिशन आणि चार महिन्यांचा पावसाळा यांचा हिशेब आधी मांडावा लागतो. किंमतवाढीचा दावा अधिक मोहक आहे. परंतु वाढते ती जमिनीची किंमत. इमारतीची किंमत प्रत्येक पावसाळ्यागणिक कमीच होत जाते. शिवाय जुनी सदनिका विकावयास काढावी, तर शेजारीच दुसऱ्या बांधकाम व्यावसायिकाची नवी इमारत उभी असते. गिऱ्हाईक साहजिकच तिकडे वळते. किनाऱ्यावरील दुसऱ्या घराची बाजारपेठ हौशी लोकांची आहे, गरजूंची नव्हे; आणि मंदीत सर्वांत आधी आटते ती हौस.

सदनिका म्हणजे जमीन नव्हे, हे ग्रामीण भागातील खरेदीदाराच्या मनात पुरतेपणी ठसलेले नसते. ढोकीत घर घेतले असे म्हणताना त्याखालची जागाही घेतली असे गृहीत असते. सदनिकेचे तसे नाही. महाराष्ट्रात तिची मालकी मुख्यतः दोन प्रकारे नांदते. एक, सन १९६० च्या सहकार कायद्याखालील गृहनिर्माण संस्था. येथे जमीन आणि इमारत संस्थेची, सभासदाला भाग आणि भोगवट्याचा हक्क. दुसरा प्रकार सन १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याचा. व्यवहारात त्याला कॉन्डोमिनियम म्हणतात. त्यात सदनिका ज्याची त्याची, आणि जमीन, जिने, गच्ची यांत घोषणापत्रात लिहिल्याप्रमाणे प्रत्येकाचा अविभक्त हिस्सा. प्रकार कोणताही असो, गच्ची गळू लागली की दुरुस्तीचा निर्णय एकट्याच्या हाती राहत नाही. ज्या इमारतीतील बहुतेक मालक वर्षातून पंधरा दिवस उगवतात, तेथे सर्वसाधारण सभेची गणसंख्या भरताना मारामार पडते आणि थकबाकीची नोटीस कुलपाला चिकटवून परत यावे लागते. वेळेवर पैसे भरणाऱ्या दोनचार जणांवर मग सर्वांचा भार येतो. जमिनीचे अभिहस्तांतरण झाले नसेल तर तो हिस्साही कागदावरच राहतो. बांधकाम व्यावसायिकाने ते करून देण्यास टाळाटाळ केल्यास मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद आहे. पण तिच्यासाठी कार्यालयाचे उंबरठे कोणी झिजवायचे, हा प्रश्न अखेर गैरहजर मालकांच्याच सभेपुढे येतो.

समुद्राचे खरे रूप जाहिरातीतल्या चित्रात कधीच दिसत नाही, कारण ते हवेत असते. खारा वारा क्षारांचे कण घेऊन येतो. हे क्षार काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून आत झिरपतात आणि पोलादी सळयांपर्यंत पोहोचले की गंज सुरू होतो. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागते, त्यामुळे सळई आतून फुगते आणि वरचे काँक्रीट फोडून बाहेर पडते. बाल्कनीच्या खालच्या अंगाला तांबूस ओघळ दिसू लागले, तुळईच्या कडेने उभीआडवी भेग धावली, की समजावे, समुद्राने आपला हप्ता वसूल करावयास सुरुवात केली आहे. हा दोष टाळता येतो, पण त्यास पैसा लागतो. भारतीय मानक ४५६ (सन २०००) नुसार किनारी वातावरणास उघड्या असलेल्या सळयायुक्त काँक्रीटसाठी किमान एम-३० दर्जा आणि सळईवर ४५ मिलिमीटर आच्छादन अपेक्षित आहे. लाटांचे तुषार उडतात तेथे एम-३५ आणि ५० मिलिमीटर. सौम्य हवामानातील बांधकामाला एम-२० आणि २० मिलिमीटर चालते. एवढा फरक कोणत्या पुस्तिकेत छापलेला असतो? फरशी कोणती, नळ कोणत्या कंपनीचे, याची यादी मात्र पानभर असते.

घर कशाचे बांधले आहे हा प्रश्न या जिल्ह्याने विचारू नये, असे होणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे सास्तूर आणि किल्लारीच्या परिसरात दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. पिढ्यानपिढ्या उन्हापासून राखणारी घरे एका क्षणात घातक ठरली. त्यानंतर या भागातला साधा गवंडीही पट्टा, सळई आणि मसाला यांविषयी विचारल्याशिवाय भिंत उचलीत नाही. तीच माणसे समुद्रकाठी गेली की खिडकीतून दिसणाऱ्या देखाव्यावर सही करतात, हे नवल म्हटले पाहिजे.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनी या झिजेचा अंदाज आधीच बांधून ठेवला आहे. दुरुस्ती निधीसाठी बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्का आणि सिंकिंग फंडासाठी किमान ०.२५ टक्का, म्हणजे वर्षाला किमान एक टक्का बाजूस काढावा, असे ते सांगतात. इमारत पंधरा वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांनंतर दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी करावयाची आहे. हे दर राज्यभरच्या संस्थांसाठी आहेत. जेथे खारा वारा बारा महिने काम करतो तेथे किमान रकमेवर भागेल, असे समजण्यास आधार नाही. कॉन्डोमिनियममध्ये हा निधी किती ठेवावयाचा हे त्यांच्या स्वतःच्या उपविधींवर अवलंबून असते. म्हणून ते वाचावेत. मासिक वर्गणी फार कमी असल्याचे विक्रेता अभिमानाने सांगू लागला, तर उद्याच्या दुरुस्तीसाठी आज काहीच साठत नाही, असा त्याचा अर्थ घ्यावा.

कोकणातील जुन्या माणसांचे या बाबतीतील शहाणपण पाहण्यासारखे आहे. गुहागरसारख्या गावात राहती घरे रस्त्याच्या कडेने, आणि त्यांच्या मागे नारळ-पोफळीच्या लांबलचक वाड्या थेट पुळणीपर्यंत गेलेल्या. समुद्र आणि घर यांच्यामध्ये झाडांचा पडदा होता. घर जांभ्या दगडाचे, उतरत्या कौलांचे, पुढे पडवी. त्यात गंजायला लोखंडच फारसे नव्हते. समुद्रावर ज्यांचे पोट होते तेही उशाशी समुद्र घेऊन झोपत नव्हते. आताची इमारत नेमकी ती वाडी तोडून उभी राहते, आणि वाडी तोडली म्हणूनच तिच्यातून समुद्र दिसतो.

पाण्याचा प्रश्न तर ढोकीकराच्या अंगवळणी पडलेला. त्यामुळे तो कोकणात त्याकडे दुर्लक्ष करतो, कारण जेथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तेथे पाण्याला काय तोटा, असे त्यास वाटते. धाराशिव जिल्ह्याची सरासरी आठशे मिलिमीटरच्याही आत. परंतु जांभ्याची जमीन सच्छिद्र आणि उतार समुद्राकडे. पडलेले पाणी थांबत नाही, आणि एप्रिल-मे मध्ये कोकणातल्या वाड्यांवरही टँकर फिरतात. किनाऱ्यालगतच्या विहिरीतून आणि कूपनलिकांतून उपसा वाढला की गोड्या पाण्याची पातळी खाली जाते आणि खारे पाणी आत सरकते. एकदा मचूळ झालेली विहीर पुन्हा गोडी होण्यास वर्षे लागतात. तीस सदनिका, एक जलतरण तलाव आणि मे महिना यांचा मेळ कसा घातला आहे, हे विचारावे. सांडपाण्याची टाकी आणि विहीर यांत अंतर किती, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

आता त्या रेषेविषयी, जी जागेवर दिसत नाही पण जिच्यामुळे इमारत जमीनदोस्त होऊ शकते. केंद्र शासनाने १९ फेब्रुवारी १९९१ रोजी पहिली किनारा नियमन अधिसूचना काढली. ६ जानेवारी २०११ आणि १८ जानेवारी २०१९ रोजी तिच्या जागी नव्या आल्या. उच्चतम भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंतची जमीन तिच्या कक्षेत येते. ग्रामीण, अविकसित किनाऱ्यावर भरतीरेषेपासून दोनशे मीटरांत नवे बांधकाम साधारणतः निषिद्ध. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागासाठी हे अंतर पन्नास मीटरवर आणले आहे. परंतु राज्याचा किनारा व्यवस्थापन आराखडा त्यानुसार सुधारून केंद्राने मंजूर केल्यानंतरच नवे नियम लागू होतात. म्हणजे विक्रेत्याने 'आता पन्नास मीटर झाले' असे सांगितले, तर त्या गावाचा मंजूर नकाशा कोणत्या अधिसूचनेखालचा आहे, असा प्रतिप्रश्न करणे आवश्यक आहे. खाड्याही यातून सुटत नाहीत. भरतीचे पाणी जेथवर चढते, तेथवर खाडीकाठ याच नियमाखाली येतो. त्यासाठी पाण्यातील क्षारतेचे प्रमाण हजारी पाच हे मोजमाप ठरलेले आहे. 'समुद्र तर दूर आहे' या समाधानाला म्हणून अर्थ नाही.

या नियमांचे पुढे काय होते ते केरळात दिसले. कोचीजवळील मरडू येथे खाजणाच्या काठी चार उंच निवासी संकुले उभी राहिली. त्यांना बांधकामाचे परवाने तत्कालीन ग्रामपंचायतीने दिलेले होते. लोक राहावयास आले, कर भरू लागले. ८ मे २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही बांधकामे किनारा नियमनाचा भंग करणारी ठरवून ती पाडण्याचा आदेश दिला, आणि ११ व १२ जानेवारी २०२० रोजी ती स्फोटकांनी पाडण्यात आली. प्रत्येक सदनिकाधारकास अंतरिम भरपाई म्हणून पंचवीस लाख रुपये देण्यास न्यायालयाने सांगितले; सदनिका त्याहून कितीतरी महागात घेतलेल्यांनी बाकीच्यासाठी दाद मागत राहावे, अशी अवस्था झाली. महाराष्ट्रातही अलिबागजवळ किहीम येथील नीरव मोदींचा बंगला ८ मार्च २०१९ रोजी सुरुंग लावून उडविण्यात आला. एवढ्या मोठ्या धनिकाची ही गत झाली, म्हणून नियम सर्वांना सारखा लागतो असे समाधान कोणी मानील. पण धनिकाचा एक बंगला जातो. निवृत्त शिक्षकाचे सर्वस्व जाते.

ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर नाव लागले म्हणजे घर कायदेशीर झाले, हा समज मराठवाड्यात जितका दृढ आहे तितकाच कोकणातही. तो उतारा कर आकारणीचा आहे. मालकीचा नव्हे आणि बांधकाम परवानगीचा तर नव्हेच. जमीन अकृषिक झाली आहे का, सक्षम नियोजन प्राधिकरणाने नकाशे मंजूर केले आहेत का, किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाचा अभिप्राय आहे का आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळाले का, हे चार कागद निरनिराळे आहेत, आणि एक दुसऱ्याची उणीव भरून काढीत नाही. कोकणातला सातबारा हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय. एका गुंठ्याला पंधरा-वीस सहहिस्सेदार, त्यांतले निम्मे मुंबईत, काही हयात नाहीत, वारसनोंदी राहिलेल्या. यांतील एकाची सही राहून गेली तरी पुढे दावा उभा राहतो. स्थावर संपदा प्राधिकरणाकडील नोंदणी उपयोगी आहे, आणि पाचशे चौरस मीटरहून मोठ्या जागेवरील किंवा आठांहून अधिक सदनिकांच्या प्रकल्पाला ती बंधनकारकही आहे. तिच्यामुळे चटई क्षेत्राचा खरा आकडा कळतो, आणि संरचनात्मक दोषांची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षे बांधकाम व्यावसायिकावर राहते. तथापि ती नोंदणी म्हणजे जमिनीच्या निर्वेधपणाची सरकारने दिलेली हमी नव्हे. खाऱ्या वाऱ्याचे काम पाच वर्षांत क्वचितच दिसते, हेही लक्षात असू द्यावे.

रस्त्यांच्या आशेवर चढणाऱ्या भावाबद्दल थोडेच पुरे. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाच्या प्रस्तावामुळे धाराशिव आणि सिंधुदुर्ग ही नावे एका वाक्यात येऊ लागली आहेत, आणि दलालांच्या बोलण्यात ते अंतर आताच निम्मे झाले आहे. या मार्गास अनेक ठिकाणी शेतकऱ्यांचा तीव्र विरोध आहे. जो रस्ता झालेला नाही त्याचे भाडे आज खरेदीदाराकडून वसूल करणे, यापलीकडे त्या बोलण्यास आज तरी अर्थ नाही.

वादळांचे मात्र तसे नाही; ती होऊन गेली आहेत. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन, मुरूड, दापोली पट्ट्यातील पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात 'तौक्ते' किनारा घासून गुजरातकडे गेले, आणि जुलैत चिपळूण पाण्याखाली होते. बँका कर्ज देताना विमा उतरवून घेतात. तो बहुधा कर्जाच्या रकमेपुरता असतो आणि कर्ज फिटले की नूतनीकरण राहून जाते. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची प्रमाणित पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. तिच्यात वादळ, पूर आणि दरड कोसळणे यांचा समावेश आहे. गंजाचा आणि झिजेचा नाही. त्यासाठी विमा नाही, फक्त निधी आहे.

हे सर्व पाहूनही ज्याला सदनिका घ्यावयाची आहे, ज्याच्या म्हातारपणाची तरतूद तिच्यावाचून झालेली आहे, आणि जो वर्षातले निदान तीन-चार महिने तेथे खरोखर राहणार आहे, त्याने ती अवश्य घ्यावी. दम्याच्या रुग्णाने आधी एक पावसाळा भाड्याने राहून पाहावा. बाकीच्यांनीही पाहणीचा दिवस दलालाला ठरवू देऊ नये. तो डिसेंबरातली संध्याकाळ ठरवील. जुलैतला एखादा आडवार निवडावा. वीज गेलेली असेल, जिन्याच्या भिंतीला बुरशी आली असेल आणि लिफ्ट बंद असेल. त्या इमारतीत बारा महिने राहणारे एखादे कुटुंब असेल तर त्याच्याकडे बसून चहा घ्यावा. संस्थेच्या सचिवाकडे गेल्या तीन वर्षांचे ताळेबंद, थकबाकीदारांची यादी आणि दुरुस्ती निधीचे बँक खातेपुस्तक मागावे. आणि नोंदणीकृत करारनामा होईपर्यंत किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम स्वीकारण्यास नोंदणीकृत प्रकल्पाच्या प्रवर्तकाला कायद्याने मनाई आहे, हे धनादेश लिहिण्यापूर्वी त्याला आठवण म्हणून सांगावे.